महाग स्पीकर घेताना माल पारखा, लेबल नव्हे

कापडाच्या धंद्यात ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हलक्या मालाला भरपूर खळ दिली की थान हाताला जड लागते. नवखे गिऱ्हाईक त्यावर खूश होते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हाती विरळ कापड उरते. तीस वर्षे हा व्यापार केल्यावर मला वाटत होते की आता आपल्याला कोणी खळ विकू शकणार नाही. दोन वर्षांपूर्वी घरासाठी स्पीकर घ्यायला गेलो आणि हा गैरसमज दूर झाला.

मुंबईतल्या एका शोरूममध्ये विक्रेत्याने दोन जोड्या ऐकवल्या. एक साठ हजारांची, दुसरी पावणेदोन लाखांची. महाग जोडीचा आवाज भरदार आणि मोकळा वाटला. मी चेकबुक काढले. सोबत माझा भाचा होता. तो साउंडचे काम करतो. त्याने दोन्हींची माहितीपत्रके मागितली आणि 'सेन्सिटिव्हिटी'च्या आकड्यावर बोट ठेवले. स्वस्त जोडीचा आकडा ८५ डेसिबल, महाग जोडीचा ८८.

एक वॅट वीज दिली असता एक मीटरवर आवाज किती येतो, ते हा आकडा सांगतो. तीन डेसिबलचा फरक भरून काढायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे अँप्लिफायरचे बटण एकाच जागी ठेवले तर ८८ची जोडी मोठी वाजणारच. आणि किंचित मोठा आवाज आपल्या कानाला 'चांगला' आवाज वाटतो. भाच्याने मोजून दोन्हींचा आवाज सारखा करायला लावला. मला पाठ फिरवून बसवले. म्हणाला, ''मामू, आता सांगा.'' तीनपैकी दोन वेळा मी साठ हजारांची जोडी निवडली!

यात माझ्याच कानाचा दोष नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेतल्या हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत चाळीस जणांवर हाच प्रयोग केला. तेच चार स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. डोळ्यांना दिसत असताना दिलेले गुण आणि न बघता दिलेले गुण जुळले नाहीत. आकार, रूप आणि नाव यांचा परिणाम निर्णयावर झाला होता.

तेव्हा दुकानात काय विचारावे?

पहिले, 'पीएमपीओ' वॅटचा आकडा सोडून द्या. तो कसा मोजायचा याचे कोणतेही प्रमाण नाही. आरएमएस वॅट विचारा. तेही स्पीकर किती वीज सोसेल एवढेच सांगतात, आवाजाचा दर्जा सांगत नाहीत.

दुसरे, '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढेच छापले असेल तर ते अर्धे वाक्य आहे. पुढे 'अधिक-उणे ३ डेसिबल' असे लिहिले आहे का ते पाहा. पन्ना न सांगता कापडाचा मीटरचा भाव सांगावा, तसाच हा प्रकार.

तिसरे, सेन्सिटिव्हिटी एका वॅटला मोजली की २.८३ व्होल्टला? आठ ओहमच्या स्पीकरला दोन्ही एकच. चार ओहमच्या स्पीकरला मात्र २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, आणि आकडा फुकटात तीन डेसिबलने फुगतो.

चौथे, पेटी लहान, बास खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, ही तिन्ही एकदम मिळत नाहीत. दोन मिळवायची तर तिसरे सोडावे लागते. हा निसर्गाचा नियम आहे. तिन्हींचे वचन देणारा विक्रेता इंजिनिअरिंग नव्हे, जाहिरात विकतो आहे.

पाचवे, हजारो रुपयांची वायर. घरातल्या चार-पाच मीटर अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. वाचलेला पैसा खोलीवर खर्च करा. मोकळ्या फरशीवर आणि उघड्या भिंतींवर आदळून आवाज परततो. जाड गालिचा आणि चुण्यांचा पडदा त्याला बरेच आवरतो. (मी पडदे विकतो, म्हणून हे वाक्य पारखूनच घ्या!) बासला मात्र पडदा आवरत नाही. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर सरकवून पाहावा.

महाग माल खोटाच असतो असे माझे म्हणणे नाही. मजबूत पेटी आणि चांगला क्रॉसओव्हर यांना खर्च येतोच. पण तो खर्च मोजणीत आणि कानात दिसला पाहिजे. म्हणून ओळखीची गाणी सोबत न्या, आवाज सारखा करून घ्या, न बघता ऐका. आणि घरी वाजवून पसंत न पडल्यास किती दिवसांत परत घेणार, ते बिलावर लिहून घ्या. आपल्या मालावर भरवसा असलेला दुकानदार याला नकार देत नाही.