पौर्णिमेला जास्त बाळं जन्मतात का?

गेल्या महिन्यात रात्री अकराला ताईला कळा सुरू झाल्या. आम्ही बॅग भरतोय, तर मावशी म्हणाली, "अगं, घाई काय? पौर्णिमेला अजून पाच दिवस आहेत. तेव्हाच मोकळी होईल ती." निघू की थांबू, यात पाऊण तास गेला. पहाटे भाची झाली, दोघी सुखरूप आहेत. पण तो पाऊण तास काही माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आजची पोस्ट.

मावशीचं म्हणणं तुम्हीही ऐकलं असेल: चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मग पोटातल्या पाण्यावर परिणाम का होणार नाही? ऐकायला पटतं. पण भरती नुसत्या चंद्राच्या ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या बाजूला ही ओढ जास्त आणि लांबच्या बाजूला कमी असते, त्या फरकामुळे ती येते. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर, म्हणून तिथे हा फरक दिसतो. गर्भाशय जेमतेम फूट-दीड फुटाचं. तिथे तो जवळजवळ शून्यच. शिवाय उधाणाची भरती अमावस्येलाही येते!

बरं, तर्क सोडा, मोजून बघू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या १९९७ ते २००१ या काळातल्या ५,६४,०३९ जन्मांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. यात ६२ चांद्रमास येतात. प्रत्येक चांद्रमासाचे आठ टप्पे पाडून जन्म मोजले. टप्प्याटप्प्यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

मग इतक्या जणांना "अनुभव" कसा येतो? साधा हिशोब करा. चांद्रमास साधारण २९.५ दिवसांचा. पौर्णिमा आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा एकेक दिवस धरला, तर तीन दिवस झाले. म्हणजे चंद्राने काहीही केलं नाही तरी दहातलं एक बाळ "पौर्णिमेचं" ठरतं. अमावस्याही अशीच धरली, तर पाचातलं एक! जुळलेलं लक्षात राहतं आणि अष्टमीला झालेल्या बाळाची तिथी कुणी सांगत बसत नाही.

गंमत म्हणजे, जन्मांच्या आकड्यांत वार मात्र स्पष्ट दिसतो. अमेरिकेत शनिवार-रविवारी जन्म कमी होतात, कारण ठरवून केलेली सिझेरियन आणि औषध देऊन सुरू केलेल्या कळा बहुतेक कामाच्या दिवशी असतात. म्हणजे परिणाम कॅलेंडरचा आहे, पण तो माणसांनी केलेला.

तेव्हा दिवस भरत आले असतील, तर तिथी बघू नका. नियमित आणि वाढत जाणाऱ्या कळा, पाणी जाणं, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं की लगेच निघा.

मावशीला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तू पौर्णिमेचीच आहेस."

हो, आहे. दहातली एक.