फाटा कुठे फुटावा?

बारावीचा निकाल लागला की औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि माझ्या दाराची बेलही जास्त वाजू लागते. मी वाणिज्य शाखेचा निवृत्त प्राध्यापक. मागच्या उन्हाळ्यात फुलंब्रीकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांचे गावात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे, खते, फवारणीची औषधे असा सगळा व्यवहार. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "सर, पोराला बीकॉमला घालू का बीबीएला? दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारलं तर जेवढी तोंडं तेवढी मतं. तुम्हीच काय ते सांगा."

मंडळी, हा प्रश्न मी गेली वीस-पंचवीस वर्षे ऐकतो आहे. आज आपण त्याच्या मुळाशी जाऊ. एकच पदवी होती, तिच्या इतक्या पदव्या कशा झाल्या? आणि त्यातून विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले?

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली सुरू झाले. आपल्याकडच्या वाणिज्य शिक्षणाचे ते आद्यपीठ. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ची. त्याआधी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. माझ्या विद्यार्थिदशेत वाणिज्य म्हणजे बीकॉम, दुसरे काही नाही. त्या एका पदवीत हिशेबशास्त्र होते, अर्थशास्त्र होते, व्यापारी कायदा, संख्याशास्त्र, बँकिंग, लेखापरीक्षण होते आणि जोडीला भाषाही होती. म्हणजे अनेक शास्त्रांना एका पंगतीत बसवणारा असा हा अभ्यासक्रम होता. आज ज्याला आंतरविद्याशाखीय म्हणतात, ते आमच्या बीकॉममध्ये नाव न घेता चालले होते.

त्याचे दोषही होते. सगळे थोडे थोडे आणि पक्के काहीच नाही, ही तक्रार खोटी नव्हती. बीकॉम झालेल्या मुलाला ताळेबंदाची व्याख्या पाठ असायची, पण कारखान्याच्या हिशेब खात्यात बसवले की त्याची गाडी अडायची. १९८५मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, भोवती सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे उद्योग उभे राहिले. चिकलठाणा होतेच, पुढे शेंद्रा आले. या उद्योगांना खरेदी पाहणारा वेगळा, उत्पादनखर्च काढणारा वेगळा आणि माणसे सांभाळणारा वेगळा माणूस हवा होता. सबगोलंकार पदवीधर त्यांना पुरेना.

मग फांद्या फुटू लागल्या. मुंबई विद्यापीठाने १९९९मध्ये व्यवस्थापनाचा बीएमएस हा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. पाठोपाठ लेखा व वित्त, बँकिंग व विमा अशा वेगळ्या नावांच्या बीकॉम पदव्या आल्या. आपल्याकडे बीबीए आले. हे केवळ ज्ञानासाठी झाले असे मात्र समजू नका. नवे अभ्यासक्रम बहुतेक विनाअनुदानित. त्यांची फी जास्त, त्यामुळे महाविद्यालयांना उत्पन्नाची वाट मिळाली आणि पालकांना वजनदार नाव मिळाले. तरीही फायदा झाला, हे मान्य करायला हवे. लेखा व वित्त शिकणाऱ्याला परिव्यय, कर आणि लेखापरीक्षण खोलात शिरून शिकता आले. व्यवस्थापनाच्या मुलांना चार लोकांपुढे उभे राहून बोलणे, प्रकल्प करणे, बाजाराची पाहणी करणे जमू लागले.

आता दुसरी बाजू सांगतो. त्यात माझीही चूक आहे.

आमच्या महाविद्यालयात असा वेगळा अभ्यासक्रम सुरू करायचे ठरले, तेव्हा त्या समितीत मी होतो. पहिले वर्ष दोन्हीकडच्या मुलांना सामाईक ठेवावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी विरोध केला. म्हटले, "वेगळी पदवी म्हणजे पहिल्या दिवसापासून वेगळी. नाहीतर वेगळेपण ते काय?" माझे म्हणणे मान्य झाले.

तीन-चार वर्षांनी कन्नड तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली. तिने बीबीएला प्रवेश घेतला होता. नाव चांगले वाटले म्हणून घेतला, हे तिने मोकळेपणाने सांगितले. दुसऱ्या वर्षी तिला कळले, की आपल्याला आकड्यांत गोडी आहे. कर, लेखापरीक्षण हे तिला शिकायचे होते. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला बदलून घ्या, अशी तिची विनंती होती. आम्ही पेपर लावून पाहिले, जुळेनात. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, एवढाच मार्ग उरला. घरी कोरडवाहू शेती, कापसाच्या पैशांवर फी भरलेली. एक वर्ष वाया घालवणे त्या घराला परवडणारे नव्हते. तिने बीबीए पूर्ण केले आणि नंतर एका करसल्लागाराकडे अगदी तळापासून काम शिकली. मला ती एवढेच म्हणाली, "सर, पहिल्या वर्षी दोन्ही थोडं थोडं शिकायला मिळालं असतं तर?"

या प्रश्नाचे उत्तर मला समितीच्या बैठकीतच द्यायला हवे होते.

हा पेच आपल्यापुरता नाही. अमेरिकेत पदवी पातळीवरचे व्यवसायशिक्षण फार आधी फोफावले आणि त्याला बारीक बारीक फाटे फुटले. १९५९ साली तिथे दोन मोठे अहवाल आले. एक फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांनी लिहिलेला, दुसरा कार्नेगी संस्थेसाठी पिअर्सन यांचा. दोघांचा सूर एकच होता. कोवळ्या वयात अरुंद विशेषीकरण नको. आधी अर्थशास्त्र, गणित, भाषा, समाजशास्त्रे यांचा पाया रुंद करा. अहवालांनंतर तिथल्या अनेक संस्थांनी अभ्यासक्रम बदलले. विशेषीकरण हवेच, पण त्याची वेळ चुकवू नये, हा त्यातला धडा.

आपल्याकडे हीच गोष्ट आता वेगळ्या वाटेने आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रात २०२३-२४पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीला ते लागू झाले. त्यात एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. सोबत दुय्यम विषय असतो, तो मायनर. याखेरीज काही खुले ऐच्छिक विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचे घ्यावे लागतात. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षणही आहे. पदवी तीन वर्षांची, चौथे वर्ष केले तर ऑनर्स. म्हणजे फाटे राहिले, पण दोन फाट्यांना जोडणाऱ्या पायवाटाही नकाशावर आल्या. त्या वाटांवर शिकवायला शिक्षक आहेत का, हे मात्र प्रत्येक महाविद्यालयात जाऊनच पाहावे लागते.

याच सुमारास आणखी एक बदल झाला. २०२४-२५पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी ती दुसऱ्यांदा घ्यावी लागली, कारण अनेकांपर्यंत तिची बातमीच वेळेत पोहोचली नव्हती. मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी बीएमएसचे नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) केले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जी फांदी खोडापासून वेगळी झाली, ती नावापुरती पुन्हा खोडाला येऊन चिकटली! पाटी अशी सहज बदलते. म्हणूनच पालकांना माझे सांगणे असते, की पाटी वाचून झाली की आत जा आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका मागून घ्या.

त्या पुस्तिकेत तीन गोष्टी पाहा. पहिली, पहिल्या वर्षाचे पेपर कोणते? त्यात हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा असेल, तर पुढे वळायला जागा आहे. दुसरी, मुलाचे मन बदलले तर दुसऱ्या वर्षी कोणत्या अभ्यासक्रमात जाता येईल आणि मिळवलेले किती श्रेयांक धरले जातील? याचे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. तिसरी, पुढच्या परीक्षांचे नियम काय आहेत? एमबीएच्या प्रवेशाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. सीएचे तसे नाही. फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला जायचे, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर पदवीधराला ६० टक्के गुण लागतात. आणि वाणिज्य पदवीधर कोणाला म्हणायचे, तर हिशेब, लेखापरीक्षण, कायदा, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, कर, परिव्यय अशा विषयांपैकी शंभर गुणांचे किमान तीन पेपर ज्याने केले आहेत त्याला. म्हणजे तिथेही पेपर मोजतात.

फुलंब्रीच्या गृहस्थांना मी उलट विचारले, "दुकानात दिवसभर काय काय करावं लागतं?" ते बोटे मोजू लागले. जीएसटीचे विवरण भरणे. बँकेची कर्जमर्यादा वाढवून घेणे. बियाणे उगवले नाही म्हणून आलेल्या शेतकऱ्याची समजूत घालणे आणि कायद्याने आपली बाजू काय आहे ते पाहणे. मृगाच्या आधी किती माल भरायचा त्याचा अंदाज बांधणे. आणि दिवाळीला उधारी वसूल करणे. हिशेब, बँकिंग, कायदा, व्यवस्थापन, सगळे एकाच गल्ल्यावर! मी म्हटले, "तुमच्या दुकानाला अजून फाटा फुटलेला नाही. मग पोराला पहिल्याच वर्षी कशाला फाट्यावर उभं करता?"

मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "पण सर, मला दुकानात बसायचंच नाही."

वडील त्याच्याकडे बघत राहिले. हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकले असावे. मी म्हटले, "मग तर पहिलं वर्ष रुंदच हवं. कुठे बसायचं नाही हे तुला कळलंय. कुठे बसायचं आहे ते कळायला एक वर्ष घे."

त्याने बीकॉमला प्रवेश घेतला. मेजर कोणता घ्यायचा, हे अजून त्याचे पक्के होत नाही, असे परवा वडिलांनी फोनवर तक्रारीच्या सुरात सांगितले. मी म्हटले, "होऊ द्या हो सावकाश."