कार्यालयीन डेस्कटॉपवर आजचे गेम: समज आणि वस्तुस्थिती

कंपन्यांच्या कार्यालयांत काही वर्षे वापरून झालेले तयार डेस्कटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील दुकानांपर्यंत 'रिफर्बिश्ड' या नावाने स्वस्तात विकले जातात, आणि त्यात एक चांगले ग्राफिक्स कार्ड बसवले की आजचे गेम चालू लागतील, अशा अपेक्षेने अनेक विद्यार्थी ते घेतात. ही अपेक्षा सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीतक, म्हणजे कोणत्याही डेस्कटॉपचा कोणताही भाग बदलता येतो हे, तयार संगणकाच्या बाबतीत पुष्कळदा खरे ठरत नाही. याचे उदाहरण म्हणून डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० या २०१३ सालच्या मॉडेलकडे पाहता येते, कारण त्याची मिनी टॉवर ही उभी, मोठी पेटी या बाजारात आजही सहज दिसते.

सर्वाधिक नुकसान करणारा गैरसमज पॉवर सप्लायविषयी, म्हणजे भिंतीतील वीज घेऊन ती संगणकाच्या भागांना योग्य दाबाने पुरवणाऱ्या डब्याविषयी आहे. तो कमी पडला तर बाजारातून मोठा आणून बसवता येतो, असे समजले जाते. सर्वसाधारण मदरबोर्डला २४ पिनांच्या जोडणीतून वीज मिळते. ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये मात्र डेलने स्वतःची ८ पिनांची जोडणी वापरली असून हार्ड डिस्कलाही वीज मदरबोर्डवरूनच दिली आहे, त्यामुळे दुकानातील नेहमीचा पॉवर सप्लाय वेगळ्या अडॅप्टरशिवाय तेथे जोडताच येत नाही. मूळ पॉवर सप्लाय २९० वॉटचा असून त्याला ग्राफिक्स कार्डासाठीची स्वतंत्र वायर नसते. अशा वेळी हार्ड डिस्कच्या साटा जोडणीतून ६ पिनांची वायर काढून देणारा स्वस्त अडॅप्टर सुचवला जातो, आणि तो सल्ला धोक्याचा आहे. साटा जोडणीतील १२ व्होल्टच्या तीन पिनांतून प्रत्येकी १.५ अँपियर, म्हणजे एकूण ५४ वॉट एवढीच वीज सुरक्षितपणे वाहू शकते, तर ६ पिनांची जोडणी ७५ वॉटसाठी आखलेली असल्याने कार्डाने पूर्ण मागणी केली की ती जोडणी तापते आणि वितळूही शकते.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच प्रचलित आहे, तो म्हणजे ५०० वॉटच्या खाली गेमिंग होतच नाही. येथे साधी बेरीज करावी. ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये आढळणारा आय५-४५९० हा प्रोसेसर ८४ वॉटचा, मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस खाच स्वतः देऊ शकते ती वीज ७५ वॉट, आणि मदरबोर्ड, डिस्क, रॅम व पंखे यांसाठी आणखी चाळीस-पन्नास वॉट धरले, तरी आकडा २१० च्या आसपास राहतो. तेव्हा खाचेतूनच सारी वीज घेणारे कार्ड निवडले, तर मूळ पॉवर सप्लाय पुरतो. २०१९ मधील जीटीएक्स १६५० ची बिनजोडणीची मॉडेले आणि २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे ७० वॉटचे रूप ही या वर्गातील कार्डे होत. पेटी अरुंद, म्हणजे एसएफएफ प्रकारची असेल तर अर्ध्या उंचीचे, लो प्रोफाइल कार्डच तीत मावते. कार्डाची लांबी आणि जाडी या दोन गोष्टी मात्र खरेदीपूर्वी पट्टीने मोजणे हाच उपाय आहे, मग पेटी कोणतीही असो.

कार्ड निवडताना त्यावरील स्मृतीचा आकडा पाहण्याची सवय लोकांना लागली आहे आणि तिचा फायदा विक्रेते घेतात. ४ जीबीचे जीटी ७३० आणि ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ही दोन्ही कार्डे दुकानाच्या दरपत्रकात शेजारी शेजारी दिसली, तर पहिले स्वस्तात सापडलेले रत्न वाटू शकते. वस्तुतः ६४ बिटांच्या मार्गाने डीडीआर३ स्मृतीला जोडलेल्या जीटी ७३० मध्ये सेकंदाला सुमारे १४ जीबी माहितीची ने-आण होते, तर जीडीडीआर५ स्मृतीच्या जीटीएक्स १६५० मध्ये ती १२८ जीबी, म्हणजे जवळजवळ नऊपट होते. गोदाम तेवढेच असले, तरी त्याच्या दारातून सेकंदाला किती माल आत-बाहेर होतो यावर चित्र वेळेत तयार होणे अवलंबून असते. खाचेचा वेगही येथे आड येऊ शकतो. आरएक्स ६४०० हे कार्ड केवळ ५३ वॉटचे असल्याने अशा पेटीसाठी आदर्श वाटते. परंतु ते पीसीआय एक्सप्रेसच्या चारच मार्गिका वापरते, आणि ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये तिसऱ्या पिढीची खाच असल्यामुळे चौथ्या पिढीच्या खाचेच्या तुलनेत त्याची वाट निम्मी होते.

जुना प्रोसेसर नव्या कार्डाला 'अडवतो', त्यामुळे कार्डावरील पैसा वाया जातो, हे विधान अर्धवट खरे आहे. गेममधील प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारे एकेक चित्र, आधी प्रोसेसर आखतो आणि मग कार्ड रंगवते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर दोघांनाही आपापले काम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत उरकावे लागते. पडद्याचे रिझोल्यूशन वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे फारसे वाढत नाही. आय५-४५९० ला चार कोर आणि चारच थ्रेड, म्हणजे एका वेळी चालवता येणारे कामाचे धागे, आहेत, त्यामुळे आजच्या मोठ्या गेममध्ये तो खरोखर कमी पडतो. मात्र त्याच सॉकेटमध्ये बसणारा, आठ थ्रेडचा आय७-४७९० हाही ८४ वॉटचाच असल्याने पॉवर सप्लायवर जास्तीचा भार न टाकता ही उणीव काही अंशी भरून काढता येते. सॉकेट सारखा दिसला म्हणजे प्रोसेसर चालेल असे मात्र समजू नये. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ या एकाच नावाच्या सॉकेटमध्ये बसतात, तरीही ते एकमेकांच्या मदरबोर्डवर अधिकृतपणे चालत नाहीत.

रॅमविषयी एवढेच पुरे की एकच मोठी पट्टी लावण्यापेक्षा निम्म्या क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्यात, कारण तेव्हा प्रोसेसरला माहितीच्या दोन वाटा मिळतात. एसएसडीमुळे गेम लवकर उघडतो आणि खेळताना नवा भाग लोड होताना बसणारे अनेक झटके कमी होतात. फ्रेमची सरासरी संख्या तिच्यामुळे सहसा वाढत नाही.

शेवटी, गेम सुरू होणे ही केवळ वेगाची बाब राहिलेली नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल या २०२४ च्या गेमला रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्याचे, हार्डवेअर अनिवार्य आहे. जीटीएक्स १६५० मध्ये ते नाही, म्हणून सेटिंग कितीही उतरवले तरी तो त्यावर चालत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, तर व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० या सुरक्षा चिपची आणि सिक्युअर बूटची अट घालतो. म्हणूनच ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपवर खर्च करताना ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांवर अधिक पैसा घालणे योग्य ठरते, कारण पुढचा संगणक घेतल्यावर हे दोन्ही भाग त्यात हलवता येतात. डीडीआर३ रॅम आणि आय७-४७९० मात्र त्या जुन्या मदरबोर्डबरोबरच मागे राहतात.