परसांतील जुई

मृगाचा पहिला पाऊस पडला कीं घरोघरीं मंडळींस झाडें लावण्याची आठवण होते. रोपवाटिकेंत जावें, आणि त्या दिवशीं जी वेल फुलांनीं लवलेली दिसेल ती घेऊन यावें, असा बहुतेकांचा क्रम. सोयरीक करितांना आपण कुलशीलाची चौकशी करितों. वेलीच्या बाबतींत मात्र नुसत्या रूपावर भुलतों. ही चूक आमच्या घरीं झाली आणि ती निस्तरण्यांत पांच वर्षें गेलीं. ती हकीकत सांगून, तिच्या निमित्तानें जुईच्या लागवडीविषयीं आम्हांस जें ठाऊक झालें तें वाचकांपुढें ठेवावें, असा विचार आहे.

आमचें घर साताऱ्यास आहे, जुनें, कौलारू. परसांत आड असून त्याच्या कठड्याशेजारीं आमच्या मातोश्रींनीं लाविलेली जुई होती. तिला बांबूचा बेताचा मांडव. श्रावणांत दिवस कलला कीं घरांतल्या मुली परडी घेऊन कळ्या खुडावयास जमत, आणि दिवेलागणीच्या सुमारास ओसरीवर गजरे होत. मातोश्री २००८ सालीं निवर्तल्या. पुढें २०१० च्या पावसाळ्यांत आमच्या धाकट्या बंधूंनीं मोठ्या हौसेनें लाल मधुमालती आणून त्याच मांडवाशीं लाविली. तिचीं फुलें संध्याकाळीं पांढरीं उमलतात, दुसरे दिवशीं गुलाबी होतात व मग तांबडीं. एकाच घोसांत तिन्ही रंग दिसतात. रूपाला नांव ठेवावयास जागा नाहीं.

शीलाची गोष्ट निराळी. तीन वर्षांत ती मांडव ओलांडून पन्हळीवर व पन्हळीवरून कौलांवर गेली. तिचीं पानें झडतात तेव्हां देठांचे बुंधे फांदीवर कांट्यांसारखे उरतात, त्यामुळें तिला आवरावयास हात घालणेंही सोपें नसतें. आणि वरून तोडावी तर मुळांकडून नवे धुमारे येतात. फांद्या जाड होतां होतां कौलें सरकलीं. २०१४ च्या आषाढांत माडीवरील पोथ्यांच्या पेटींत पाणी गेलें. वडिलांची रघुवंशाची प्रत तींत होती. तिच्या समासांत त्यांच्या हातच्या टिपा होत्या, आणि त्या टिपांवरच आम्ही चाळीस वर्षें वर्ग शिकविले. पानें एकमेकांस चिकटलीं व शाई विरघळून गेली.

त्या रात्रीं ओटीवर सर्व मंडळी बसली. परसांतील साऱ्या वेली उपटून तेथें फरशी घालावी, असें पुतण्यांचें मत पडलें. जुई ठेवा, असें म्हणावयास कोणास तोंड नव्हतें. कारण तीन वर्षांत तिला फूल म्हणून धरलें नव्हतें. बंधू तर मान खालीं घालून बसले होते. आम्हीही गप्प होतों. मातोश्रींच्या हातची वेल म्हणून तिला कोणी कात्री लावूं नये, असा आमचा हट्ट. वर दर पंधरवड्यास शेणखत आणि रोज संध्याकाळीं घागरभर पाणी, हा आमचा नेम. जुई नुसती पानांनीं माजली होती. एवढी सेवा करूनही ती रुसली कां, हें कोडें आम्हांस उलगडत नव्हतें.

तें उलगडलें थोरल्या वहिनींनीं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, संक्रांत झाली कीं सासूबाई स्वतः कोयता घेऊन जुई गुडघ्याएवढी ठेवीत असत. आधीं पंधरा दिवस पाणी तोडीत. तुम्ही तेव्हां शाळेंत असायचात, तुम्हांला कुठलें दिसणार!"

ज्या वेलीस आम्ही मातृस्मृति म्हणून जपलें, तिच्याविषयीं मातेची रीत काय होती याचीच आम्हांस वार्ता नव्हती. हें येथें लिहावयास संकोच वाटतो, पण लिहिणें प्राप्त आहे.

वहिनींचें म्हणणें शास्त्रासही धरून आहे. जुईस कळ्या येतात त्या नव्या फुटीच्या शेंड्यांवर. जुनें लांकूड वाढत गेलें तर फूट थोडी आणि बहर त्याहून थोडा. तमिळ देशांत फुलांच्या व्यापारासाठीं जुईचे मळे लावितात. तेथेंही जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यांत जमिनीपासून सुमारें ४५ सेंटिमीटर राखून वरचा सर्व विस्तार छाटतात. कोइमतूरच्या कृषि विद्यापीठाची शिफारस हीच आहे. ४५ सेंटिमीटर म्हणजे एक हात; वहिनींचा गुडघा आणि विद्यापीठाची पट्टी एकाच ठिकाणीं येतात.

त्याप्रमाणें २०१५ च्या संक्रांतीनंतर मधुमालती मुळांसकट काढली आणि जुईवर कोयता चालविला. मागें उरलेले खुंट पाहून आम्हांस दोन दिवस जेवण गोड लागलें नाहीं. छाटलेलें व वाळकें सर्व दूर करून आळें उकरलें, दोन पाट्या कुजलेलें शेणखत घातलें, आणि मग पाणी सुरू केलें. फाल्गुनांत लालसर कोंभ दिसले. मृगांत पहिल्या कळ्या आल्या. आषाढांत तर मुलींना परडी पुरेना.

आतां थोडें जुईच्या ओळखीविषयीं. जाई व जुई यांत पुष्कळांचा घोंटाळा होतो, परंतु पान पाहिलें कीं शंका उरत नाहीं. जाईच्या एका देठावर सात ते अकरा पानांची पिसासारखी रचना असते, आणि तिची कळी बाहेरून गुलाबी छटेची. जुईस मुख्य पान एकच दिसतें. त्याच्या बुडाशीं दोहों बाजूंस दोन इवलीं पानें कानांसारखीं चिकटलेलीं असतात, कधीं तींही नसतात. या कानांवरूनच वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिला 'ऑरिक्युलेटम्' म्हणजे कानवाली असें लॅटिन नांव दिलें. संस्कृतांत ती यूथिका. अमरकोशांत तिलाच मागधी, गणिका व अम्बष्ठा हींही नांवें आहेत, आणि पिवळीस हेमपुष्पिका म्हटलें आहे. यूथिकेची झिजत झिजत जुई झाली, जशी जातीची जाई. लाल मधुमालतीचा मात्र संस्कृत मालतीशीं संबंध नाहीं. कोशांतली मालती म्हणजे जाईच, आणि काव्यांतली माधवी म्हणजे आपली हळदवेल. हळदवेलही याच देशची व सुगंधी खरी, पण तिचा पुढें मोठा लांकडी विस्तार होतो. तिला रान पाहिजे, परस पुरत नाहीं.

जुईचा आणि पहिल्या पावसाचा संबंध कालिदासानें नेमका हेरला आहे. मेघदूतांतील यक्ष मेघास वाटेंत विसांवा घेण्यास सांगतो, आणि वननदीच्या तीरावरील बागांतल्या जुईच्या कळ्यांवर नव्या पाण्याचे थेंब शिंपीत पुढें जा, असें सुचवितो. शाळेंत हा श्लोक आम्ही अनेकदां शिकविला; पण तेथें कळ्याच कां, फुलें कां नाहींत, हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आला नाहीं. जुईची कळी सायंकाळीं उमलते व सकाळपर्यंत कोमेजूं लागते. मेघ दिवसां आला तर त्यास कळ्याच भेटावयाच्या.

लागवड सोपी आहे. हातभर लांब, रुंद व खोल खड्डा, भरपूर ऊन, आणि पाणी सांचणार नाहीं अशी जागा. रोप विकत घ्यावयास नको. पावसाळ्याच्या तोंडीं जमिनीलगतची एखादी पोक्त फांदी वांकवून, मध्यें किंचित् साल छेदून मातीखालीं दाबावी व वर दगड ठेवावा. तीनचार महिन्यांत तिला मुळें येतात. मग तोडून वेगळी करावी.

आधार मात्र आपण दिला पाहिजे. जुईस तणावे नाहींत आणि भिंतीस चिकटणारीं मुळेंही नाहींत. जेथें बांधाल तेथेंच ती राहते, म्हणून तर कौलारू घरास ती निर्धोक. तमिळ भाषेंत हिला मुल्लै म्हणतात. पारी नांवाच्या एका प्राचीन राजाची तिकडे मोठी कीर्ति आहे. मुल्लैची वेल आधारावांचून वाऱ्यावर हालतांना पाहून त्यानें आपला रथच तिला देऊन टाकला. गृहस्थाश्रमांत चार बांबू व सुंभ एवढ्यावर भागतें.

रोगांपैकीं एकच सांगतों. पानांवर व कोंवळ्या काड्यांवर पांढरी लोकरीसारखी लव दिसूं लागली तर तें एका सूक्ष्म कोळ्याचें काम असतें. तेवढ्या डाहळ्या कापून जाळाव्या व वेलीवर गंधकाची भुकटी धुरळावी. भर उन्हांत मात्र धुरळूं नये, पानें करपतात.

आमची एक पुतणी पुण्यास तिसऱ्या मजल्यावर राहते. तिला दिलेला दाब तिनें हातभर रुंद कुंडींत, ऊन येणाऱ्या सज्जांत लाविला आहे. पहिल्या वर्षीं अकरा फुलें आलीं, असें तिनें कळविलें. दुसऱ्या वर्षीं मोजलीं नाहींत. यंदा दोन दाब धरले आहेत. त्यांतला एक धाकटे बंधू दर्शनी अंगणांत लावणार आहेत. जागा त्यांनीं आपण होऊनच कौलांपासून दूर निवडली आहे.