मोबाइलमधील अॅपना परवानगी देताना घ्यावयाची काळजी

अंबरनाथ-बदलापूर परिसरात शहर झपाट्याने वाढले आणि पालेगावसारख्या गावांच्या शिवारात इमारती उभ्या राहिल्या. तरीही ज्यांनी जमीन राखली आहे असे शेतकरी खरिपात भात लावतात. लावणी आटोपली की पिकाची नोंद सातबाऱ्यावर व्हावी म्हणून बांधावर उभे राहून मोबाइलवर फोटो काढावा लागतो. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ही ई-पीक पाहणी आता सर्वांच्या परिचयाची आहे.

हे अॅप सुरू करताच फोन विचारतो, ‘याला तुमचे ठिकाण कळू द्यावे का? कॅमेरा वापरू द्यावा का?’ बहुतेक शेतकरी न वाचता होकार देतात. येथे त्यात काही बिघडत नाही. परंतु हीच सवय पुढे महागात पडते. बँक खाते रिकामे करणारे बनावट अॅपही असाच प्रश्न विचारते आणि त्यालाही आपण न वाचताच होकार देतो.

परवानगी म्हणजे काय?

फोनमध्ये संपर्क क्रमांक, फोटो, एसएमएस, कॅमेरा, माइक व ठिकाण अशी वेगवेगळी दालने असतात. अॅपला त्यांत शिरण्यासाठी मालकाची संमती लागते. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक दालनासाठी स्वतंत्र संमती देता येते आणि दिलेली संमती केव्हाही परत घेता येते. विहिरीवरील मोटार दुरुस्त करणाऱ्याला आपण स्टार्टरच्या पेटीची किल्ली देतो, घरातील कपाटाची देत नाही. तोच नियम येथे लावावा.

कामापुरतीच परवानगी

१) ई-पीक पाहणी : पीक त्याच गटातील आहे हे ठरवण्यासाठी ठिकाण आणि फोटोसाठी कॅमेरा लागतो. ‘अॅप वापरताना’ हा पर्याय पुरेसा आहे.

२) पीएम-किसान : २०२३ पासून या योजनेच्या अधिकृत अॅपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. त्यासाठी कॅमेरा आवश्यक आहे.

३) दामिनी : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे हे अॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते. इशारा वेळेवर मिळावा यासाठी ठिकाणाची परवानगी द्यावी.

४) यूपीआयची अॅप : मोबाइल क्रमांकाची खात्री करण्यासाठी ती बँकेकडे एसएमएस पाठवतात. त्यामुळे त्यांनी एसएमएसची परवानगी मागणे रास्त आहे.

५) बॅटरी, हिशेबयंत्र, खेळ : यांना संपर्क क्रमांक किंवा एसएमएसची गरज नसते. मागितल्यास नकार द्यावा. नकार दिल्यावर जे अॅप चालतच नाही, ते काढून टाकावे.

सर्वांत जोखमीच्या दोन परवानग्या

पहिली एसएमएस वाचण्याची. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो. ही परवानगी मिळालेले लबाड अॅप आपल्या आधी ओटीपी वाचून दूरच्या भामट्याकडे पाठवू शकते. ‘मी कोणाला ओटीपी सांगितला नाही’ असे शेतकरी खरेपणाने म्हणतो, परंतु तो फोननेच सांगितलेला असतो.

दुसरी ‘अॅक्सेसिबिलिटी’ या नावाची. दृष्टी अधू असलेल्यांना किंवा हातांनी फोन वापरणे कठीण जाणाऱ्यांना मदत व्हावी म्हणून ही सोय आहे. ती मिळालेले अॅप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते.

बनावट अॅप बहुधा व्हॉट्सअॅपवर ‘एपीके’ फाइलच्या रूपात येते. पीएम-किसानचा हप्ता, वाहनाचे चलन, लग्नाची पत्रिका अशा नावांनी ती फिरते. एकाचा फोन ताब्यात गेला की त्याच्याच क्रमांकावरून ती गावच्या ग्रुपमध्ये जाते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली तरी अशी फाइल उघडू नये.

कर्ज देणारी अॅप

हंगामाच्या तोंडावर पैशाची निकड असते आणि झटपट कर्जाच्या जाहिराती दिसतात. काही अॅप संपर्क क्रमांक व फोटो उचलतात आणि वसुलीच्या वेळी नातेवाइकांना फोन करून बदनामी करतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम घालून दिले. त्यांनुसार अशा अॅपला संपर्क यादी, फाइली व कॉलची नोंद पाहण्यास मनाई आहे. ग्राहकाची ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, माइक व ठिकाण संमतीने एकदाच वापरता येते. म्हणून कर्जाच्या अॅपने संपर्क यादी मागितली, तर तेथेच थांबावे.

तपासणी कशी करावी?

पिकावर कीड आहे का, हे आपण ठरावीक दिवसांनी पाहतो. तशीच फोनची पाहणी महिन्यातून एकदा करावी. फोनच्या कंपनीप्रमाणे नावे थोडी बदलतात.

१) सेटिंगमध्ये ‘गोपनीयता’ व त्यात ‘परवानगी व्यवस्थापक’ उघडावे. एसएमएस, संपर्क, ठिकाण, माइक यांपुढे कोणती अॅप आहेत ते पाहून अनावश्यक परवानग्या काढाव्यात.

२) ‘अॅक्सेसिबिलिटी’ उघडून अनोळखी अॅप चालू असल्यास बंद करावे.

३) ‘अज्ञात अॅप इन्स्टॉल करा’ ही सोय व्हॉट्सअॅप व ब्राउझरसाठी बंद ठेवावी.

४) घरातील मुले तोच फोन वापरत असतील, तर त्यांनी घेतलेली अॅपही पाहावीत.

फसवणूक झाल्यास

इंटरनेट ताबडतोब बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व यूपीआय थांबवण्यास सांगावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक. आलेले संदेश पुरावा म्हणून जपून ठेवावेत. संकोचाने गप्प बसू नये, कारण तोच संदेश तोवर शेजाऱ्याच्या फोनवर पोहोचलेला असतो.

मोबाइल हे आता शेतीचे अवजार झाले आहे. अवजार टाकून देण्याची गरज नाही, पण ते वापरताना हात कोठे ठेवावा हे ठाऊक असले पाहिजे. पुढच्या वेळी पडद्यावर परवानगीचा प्रश्न आला की क्षणभर थांबावे आणि ‘या कामासाठी हे खरेच लागते का?’ असे स्वतःला विचारूनच बोट टेकवावे.