रेडॉन मापन, वातावरणीय

रेडॉन मापन, वातावरणीय : हवेतील रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचे प्रमाण मोजून हवेचा प्रवास व मिश्रण जाणून घेण्याची पद्धती. रेडॉनमुळे हवा तापत नाही. मात्र कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन इ. हरितगृह वायूंच्या नोंदींचा अर्थ लावण्यास त्याची मदत होते.

मृदा व खडक यांतील रेडियमापासून रेडॉन (२२२) निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य (मूळची क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा काळ) ३·८२ दिवस आहे. अक्रिय असल्याने तो रासायनिक विक्रियांनी नाहीसा होत नाही. जमिनीच्या दर चौ. सेंमी. पृष्ठभागातून दर सेकंदास सरासरीने सुमारे एक अणू बाहेर पडतो. समुद्रातून याच्या शतांशाइतकेच उत्सर्जन होते. म्हणून रेडॉनयुक्त हवा नुकतीच जमिनीवरून आलेली असते. टास्मानियातील केप ग्रिम केंद्रात स्वच्छ सागरी हवेच्या नोंदी निवडताना ही कसोटी वापरतात.

मापकात पहिली गाळणी हवेतील क्षयजन्य द्रव्ये अडविते. पुढील टाकीत रेडॉनपासून नव्याने बनलेली द्रव्ये दुसऱ्या गाळणीवर साचतात व त्यांतून निघणारे आल्फा कण मोजले जातात.

शांत रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत अडकतो व त्यात रेडॉन आणि मिथेन दोन्ही साचत जातात. रेडॉनच्या उत्सर्जनाचा वेग ज्ञात असल्यास दोहोंच्या वाढीच्या गुणोत्तरावरून मिथेनाचे उत्सर्जन काढता येते. येथे स्थानिक मृदेचे ज्ञान अत्यावश्यक ठरते. उदा., मानवत (परभणी जिल्हा) परिसरात बेसाल्टापासून बनलेली काळी मृदा आहे. बेसाल्टात ग्रॅनाइटापेक्षा युरेनियम कमी असते. शिवाय पावसाने फुगलेली चिकणमाती वायूस अडविते, तर उन्हाळ्यातील भेगा त्यास वाट देतात. अशा ठिकाणी जागतिक सरासरी गृहीत धरल्यास गुरे व शेती यांपासूनच्या मिथेनाचा अंदाज त्याच प्रमाणात चुकतो.

मोसमी वाऱ्यांचे अभिसरण रेडॉनच्या साहाय्याने रेखाटण्याचे कार्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातील काब द राम येथे १९९३–२००२ या काळात हरितगृह वायूंसाठी हवेचे नमुने घेण्यात आले. तेथे पावसाळ्यात सागरी, तर हिवाळ्यात भूप्रदेशावरील हवा पोहोचते. म्हणजे एकाच ठिकाणच्या दोन नोंदी दोन वेगळ्या प्रदेशांच्या असू शकतात. असा भेद रेडॉनमुळे तासागणिक ओळखता येतो. [→ रेडॉन].