अंगणातील बालसंगोपन

नवागाम-डिंडोलीच्या सोसायट्यांमध्ये अंगण म्हणजे बहुधा ओट्यापुढील चार-सहा फुटांची पट्टी. तीत तुळस, जास्वंद, कढीपत्ता आणि जागा उरलीच तर शेवगा. एवढ्याशा हिरवाईवर सकाळी सातच्या सुमारास जी वर्दळ सुरू होते, ती पाहत चहा घेण्यासारखे सुख दिवसभर रडणाऱ्या बाळांत वावरणाऱ्या डॉक्टराला दुसरे नाही.

जांभळा सूर्यपक्षी जास्वंदीच्या तळाशी चोच खुपसून मध काढून नेतो. शिंपी रुंद पाने कोळ्याच्या जाळ्याने व तंतूंनी शिवून घरटे करतो. आवाज देहाच्या मानाने फारच मोठा. सातभाईंचे टोळके आले की कढीपत्त्याखालचा पाचोळा उलथापालथा होतो. यांच्यात पिलांना भरवण्याचे काम आईबापांखेरीज थव्यातील इतरही करतात. आपल्या खानदेशी एकत्र कुटुंबासारखेच. साळुंकीला गुजराती शाळेत जाणारी आमची मुले ‘काबर’ म्हणतात, शिंप्याला ‘दरजीडो’. एकाच पाखराची दोन नावे घरात सुखाने नांदतात.

बालरोगतज्ज्ञाला मात्र यात एक व्यावसायिक कुतूहल असते : या बाळांचे पहिले अन्न कोणते? चिमणी दाणे टिपते, म्हणून तिची पिलेही दाण्यावर वाढत असतील असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः पहिले काही दिवस त्यांना मुख्यतः मऊ अळ्या, मावा व लहान किडे भरवले जातात. आपल्या बाळाचे जन्मवजन तिप्पट व्हायला वर्ष लागते. चिमणीचे पिल्लू दोनेक आठवड्यांत दहापटीच्या आसपास पोहोचते. एवढ्या वाढीस लागणारी प्रथिने कोरड्या दाण्यातून कशी मिळावीत? मधावर जगणारा सूर्यपक्षीसुद्धा पिलांसाठी कोळी आणि कीटकच शोधतो.

याला अपवाद होला व कबूतर यांचा. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दाट, दह्यासारखा स्राव तयार होतो आणि आरंभीचे दिवस पिलांचे पोषण त्यावरच होते. त्यात प्रथिने व स्निग्धांश भरपूर, लॅक्टोज मात्र नाही. हा स्राव ज्या संप्रेरकामुळे निर्माण होतो, ते प्रोलॅक्टिन. म्हणजे मातेला दूध आणणारेच. १९३० च्या दशकात प्रोलॅक्टिनची मात्रा ठरवण्यासाठी कबुतराच्या अन्नपिशवीचाच उपयोग केला जाई, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच लक्षात असेल. बापालाही ‘दूध’ येणारी ही जात स्तनपान सप्ताहाच्या भाषणात उल्लेखण्याजोगी आहे!

येथेच आपल्या दानधर्माची गोम आहे. चबुतऱ्यावर किंवा गच्चीवर ओतलेली ज्वारी कबुतराच्या पिलांपर्यंत पोहोचते, कारण आईबाप त्याच दाण्याचे ‘दूध’ करतात. चिमणीच्या पिलाला त्या राशीचा आरंभी फारसा उपयोग नाही. शिवाय कबुतरांची विष्ठा व पिसांची धूळ यांमुळे होणारा फुफ्फुसाचा ॲलर्जिक दाह लहान मुलांतही आढळतो. रेंगाळलेला खोकला व दम दिसल्यास खिडकीतल्या कबुतरांची चौकशी अवश्य करावी. मूठभर दाणे घालण्यास माझी ना नाही, पोतेभर नकोत. त्याऐवजी जास्वंदीवर मावा दिसताच विषारी फवारणी करण्याची घाई टाळावी. कुरतडलेली चार पाने दिसतील, दिसू द्यावीत. ज्या घरी फवारा जास्त, तेथे चिमणीला पिलांसाठी दूरवर भटकावे लागते.

घरट्यातून उतरलेले, पिसे फुटलेले पिल्लू जमिनीवर दिसले, तर ते बहुधा उडण्याची उमेदवारी करीत असते व आईबाप जवळच असतात. मांजराची भीती असल्यास जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत निराधार आहे. चोच उघडून पाणी मात्र ओतू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी थेट तेथे जाते. दूध तर नकोच.

आणि उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेले पाण्याचे पसरट भांडे रोज घासून भरावे. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, आणि सुरतेत डेंग्यूचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरच्याच गच्चीवर अळ्या सापडल्या, तर पालिकेच्या कर्मचाऱ्यापुढे बुलबुलाची साक्ष चालत नाही.